टग्याची पसंती

सरनाईकांच्या बंगल्यात त्या रविवारी सकाळपासून नुसती धांदल उडाली होती, कारण कुत्रा घर बघायला येणार होता.

हसू नका. घरानं कुत्रा बघून आणायचे दिवस कधीच मागं पडले. पूर्वी माणसं जायची, पिल्लाचे डोळे बघून विरघळायची, आणि वर्षाच्या आत सोफा फाडला म्हणून त्याच पिल्लाला हायवेच्या कडेला सोडून यायची. अशा सोडून दिलेल्या दांडग्या कुत्र्यांचा इतका सुळसुळाट झाला की शेवटी सरकारनं कायदाच केला. मोठ्या जातीचा कुत्रा हवा असेल, तर आधी कुत्र्यानं घर पसंत केलं पाहिजे. मग हे जमवून देणारी केंद्रंही निघाली. कोल्हापुरातल्या केंद्राचं नावच मुळी 'सोयरीक' होतं.

आता सोयरीक म्हटली की आपली माणसं काय करणार? जे पिढ्यान्‌पिढ्या करत आली तेच. ऋजुतानं सोफ्याची कव्हरं बदलली, शेजारच्या मानेकाकूंच्या कुंड्या आणून व्हरांड्यात ओळीनं मांडल्या आणि मूठभर शेंगदाणे घालून कांदेपोहेही केले.

"पोहे कुणासाठी? कुत्र्यासाठी?" निनादनं इस्त्रीच्या शर्टाची बटणं लावत विचारलं.

"डॉक्टरीणबाईंसाठी. आणि तू जरा गप बस. आज घरात कुणी कुणाला टोमणे मारायचे नाहीत असं ठरलंय ना?"

ठरलं होतं खरं. कारण हा हौसेचा मामला नव्हता. त्यांची नऊ वर्षांची मुलगी शाल्मली हिला आकडी यायची. औषधं चालू होती, पण औषधांना न जुमानता मधूनच एखादी यायचीच. मागच्या वेळी ती जिन्यात आली. शाल्मली सात-आठ पायऱ्या गडगडत खाली आली आणि कपाळाला टाके पडले. तेव्हापासून ऋजुताला मुलगी नजरेआड झाली की धडकी भरायची. संडासाच्या दारालासुद्धा तिनं कडी ठेवली नव्हती. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आकडी यायच्या आधी अंगाचा वास बदलतो. माणसाला तो कळत नाही, पण कुत्र्याला कळतो, आणि शिकवलेला कुत्रा वीस-पंचवीस मिनिटं आधी सावध करतो. लहान कुत्रा भुंकेल, पण पडणारं पोर सावरायला दणकट अंग हवं. लॅब्रेडॉरच्या केसांनी शाल्मलीला शिंका येऊन दम लागायचा. चाळणीतून गाळता गाळता शेवटी एकच जात उरली, एअरडेल टेरिअर.

'सोयरीक'च्या डॉक्टर नसीम मुजावर यांनी पहिल्याच भेटीत दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं.

"एअरडेल म्हणजे टेरिअरांतला सगळ्यात थोराड गडी. केस गळत नाहीत हे बरोबर, पण ते कात्रीनं कापायचेही नाहीत. चिमटीनं उपटून काढावे लागतात. आहे सवड? शहाणा आहे, पण मुलखाचा हट्टी. आज्ञा पहिल्यांदा ऐकतो, दुसऱ्यांदा विचार करतो आणि तिसऱ्यांदा स्वतःला पटेल तेच करतो. दोन्ही वेळा लांब फिरवला नाही तर बाग खणून काढील. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा घरात राहणारा कुत्रा नाही, घर चालवणारा आहे. तुमच्या घरात काय चाललंय यात तो लक्ष घालणार."

"आमच्या घरात काय विशेष चालत नाही हो," निनाद म्हणाला.

"सगळेच तसं म्हणतात," डॉक्टर हसल्या. मग त्यांनी घरठसा म्हणजे काय ते समजावलं. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर जे पहिलं हलताना दिसेल त्यालाच आई मानतं. तेवढ्या वेळापुरता त्याचा मेंदू ओल्या सिमेंटसारखा असतो, आणि एकदा उमटलेला ठसा मग पुसत नाही. केंद्रातले लोक वाढत्या कुत्र्याच्या नाकात औषधाचे थेंब घालून त्याचा मेंदू आठवडाभर पुन्हा तसाच ओला करत. त्या आठवड्यात तो ज्या घरात राहील, तिथली माणसं, त्यांचे वास, कुणाच्या येण्यानं कुणाला बरं वाटतं, कुणाला धास्ती वाटते, हे सगळं त्याच्यात कायमचं उमटायचं. गळ्यातल्या पट्ट्यात एक गंधवाचक असायचा. कुत्र्याच्या मेंदूत वासाचे जे संदेश उठतात ते तो टिपायचा. आठवडा संपला की डॉक्टर ते वाचायच्या आणि कुत्र्याला घर पसंत आहे की नाही ते सांगायच्या.

"एक अट मात्र कडक आहे," त्या म्हणाल्या होत्या. "आठवडाभर घरातली सगळी माणसं घरात पाहिजेत. सगळी म्हणजे सगळी. आणि जशी आहेत तशी."

गाडी अडली ती इथंच. घरात आबा होते.

आबा म्हणजे निनादचे वडील, प्रतापराव सरनाईक. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर म्हणून उभी हयात घालवलेला रुबाबदार माणूस. पण चार वर्षांपासून डोक्यातल्या एकेका खोलीचे दिवे विझत चालले होते. चष्मा स्वतःच पिठाच्या डब्यात ठेवायचे आणि ऋजुतानं चोरला म्हणून आख्खी कॉलनी गोळा करायचे. गॅस चालू ठेवून फिरायला जायचे. कधी भांडं फेकायचे, कधी पोरासारखे रडायचे. निनाद सकाळी कामावर गेला की संध्याकाळी उगवायचा. घरून काम करणाऱ्या ऋजुताच्या वाट्याला मात्र आबा पूर्णवेळ होते.

त्यांना लपवायची कल्पना निनादच्या बहिणीची, गडहिंग्लजच्या शैलाताईची.

"अगं, त्या मानेकाकूंच्या पुतण्याकडं नाही का, म्हातारी आरडाओरडा करते म्हणून कुत्र्यानं घर नापसंत केलं?" ती फोनवर म्हणाली. "बघायला येणार म्हटल्यावर फुटका कप कुणी पुढं ठेवतं का? माझ्या वेळी नाही का, सदानंदकाकाला आठवडाभर शेतावर धाडलं होतं! लग्न झाल्यावर सासरच्यांना कळलंच की. काय बिघडलं? आबांना माझ्याकडं पाठव. एकदा कुत्रा लागू झाला की आणा परत."

ऋजुताला ते बरं वाटलं नाही. पण शाल्मलीच्या कपाळावरची खूण रोज डोळ्यांसमोर होती. 'ताईकडं हवापालट' असं सांगून आबांना गाडीत बसवलं. त्यांच्या खोलीला कुलूप लागलं, त्यांच्या खुर्चीवर चादर टाकली. डॉक्टरांनी पोह्यांची बशी हातात घेऊन "आणखी कोण असतं घरात?" असं विचारलं, तेव्हा निनाद अडखळला नाही. "वडील असतात बहिणीकडं. येऊन-जाऊन असतात," म्हणाला. ऋजुतानं डॉक्टरांना आणखी पोहे वाढले.

आणि मग ते धूड आत आलं. पाठ काळी, पाय तांबूस, अंगावर तारेसारखे राठ कुरळे केस आणि हनुवटीला चक्क दाढी. त्यानं कुणाकडं शेपूट हलवली नाही. तपासणीला आलेल्या साहेबासारखं आधी घर हुंगून काढलं. स्वयंपाकघर, देव्हारा, मोरीचा कोपरा, सगळं. कुलूपबंद खोलीच्या फटीला नाक लावून तो बराच वेळ उभा राहिला. मग चादर टाकलेल्या खुर्चीपाशी आला, चादर दातांनी ओढून खाली पाडली आणि वळून ऋजुताकडं बघितलं. तिनं चादर उचलून पुन्हा खुर्चीवर टाकली.

"काय टग्या आहे बघ!" शाल्मली टाळ्या पिटत ओरडली. झालं, टग्या हेच नाव पडलं.

तो आठवडा मोठा सुखाचा गेला. टग्यानं निनादची नवी चप्पल खाल्ली, जास्वंदीच्या बुंध्याशी माणूस पुरता येईल एवढा खड्डा खणला, आणि रंकाळ्यावर सकाळी फिरायला नेलं की कोण कुणाला फिरवतंय हे बघणाऱ्याला कळू नये अशी निनादची वरात काढली. तरी घरात सगळे हसत होते. किती दिवसांनी ऋजुतानं चहा गरम असताना प्यायला. कुणी तिला चोर म्हटलं नाही, गॅसची बटणं बघायला तिला मीटिंगमधून उठावं लागलं नाही. घर हलकं झालं होतं. हे आबा नाहीत म्हणून, हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि कळलं की स्वतःची लाजही वाटायची. पण लाज वाटून सुख काही कमी होत नव्हतं.

संध्याकाळी मात्र फोन वाजायचा. "ऋजुता, अगं मला न्यायला कधी येताय? इथं माझं कपाट सापडत नाही." आबांचा आवाज घरभर घुमायचा. ती गोड आवाजात "येतो हं आबा, लवकरच येतो," म्हणायची. तिच्या पायाशी पसरलेला टग्या अशा वेळी मान वर करायचा, एकदा फोनकडं बघायचा, एकदा तिच्याकडं.

आठवडा संपता संपता त्यानं आपली किंमत दाखवली. शाल्मली जेवत होती. टग्या बाहेरून ताडताड आला, तिच्या फ्रॉकचं टोक धरून तिला खुर्चीवरून खाली ओढलं आणि तिच्या मांड्यांवर आडवा होऊन भुंकत सुटला. ऋजुता धावली. पोरीला कुशीवर निजवलं, डोक्याखाली उशी दिली, नाकात औषधाचा फवारा मारला. थोड्या वेळानं आकडी आली ती अगदी हलकी, आणि पोरीला खरचटलंसुद्धा नाही. ऋजुतानं त्या राठ मानेला मिठी मारली आणि ओक्साबोक्शी रडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मुजावर येऊन घर पसंत असल्याचं सांगून गेल्या. ठसा कायम झाला. निनादनं पेढे आणून कॉलनीत वाटले.

मग आबा परत आले.

निनादनं गाडीतून बॅग काढली, आबा फाटक उघडून नेहमीसारखे पायवाटेनं आले, आणि टग्या दारात उभा राहिला. भुंकला नाही, दात दाखवले नाहीत. नुसता दार भरून उभा राहिला.

"अरे वा, पैलवान!" आबा खुशीत म्हणाले. "सरक की जरा. माझं घर आहे बाबा."

टग्या सरकला नाही. निनादनं पट्टा धरून त्याला बाजूला ओढला तेव्हा आबा आत आले. नवीन आहे, दोन दिवसांत रुळेल, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.

तो रुळला नाही. तो कामाला लागला. आबा स्वयंपाकघराकडं निघाले की हा आडवा. शाल्मलीच्या खोलीकडं वळले की हा आडवा. चावणं नाही, गुरगुरणं नाही. मेंढका चुकार मेंढराला वळवतो तसा तो आपला खांदा त्यांच्या गुडघ्याला लावायचा आणि हळूहळू, न थकता, त्यांना ढकलत व्हरांड्यात आणून सोडायचा. मग उंबऱ्यावर बसायचा. खोलीत कोंडला तर दार खरवडून रक्तबंबाळ व्हायचा. साखळीला बांधला तर शाल्मलीपाशी कोण राहणार? दूधवाला स्वयंपाकघरापर्यंत यायचा, धुणंभांडी करणाऱ्या लक्काबाई घरभर फिरायच्या, त्यांना त्यानं कधी हुंगूनही अडवलं नाही. अडवायचा तो फक्त आबांना.

पहिले काही दिवस आबा चिडले. काठी उगारली, "कुणी आणलं हे जनावर माझ्या घरात?" म्हणून गर्जले. शाल्मली त्यांचा हात धरून त्यांना आत आणायचा प्रयत्न करायची. टग्या तिला अलगद वेगळी करायचा आणि आपलं काम पुढं चालू ठेवायचा. मग हळूहळू आबांचा आवाज खाली आला. ते व्हरांड्यातच जास्त बसू लागले. निनादनं त्यांची खुर्चीच तिकडं नेऊन ठेवली. "त्यांनाही मोकळी हवा बरी वाटते," म्हणाला. दुपारचं ताट तिकडंच जाऊ लागलं. ऋजुताला हे खुपत होतं, पण घर पुन्हा हलकं झालं होतं हेही खरं, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

एका दुपारी ती पाणी घेऊन बाहेर गेली. आबा चटकन उठून उभे राहिले, धोतराचा सोगा सावरला आणि हात जोडले.

"अहो बाई, उगाच तुम्हाला त्रास," ते अदबीनं म्हणाले. "घरमालक आले की मी निघतोच. त्यांचं कुत्रं फार इमानी आहे हो. परक्याला आत घेत नाही."

ऋजुतानं तांब्या खाली ठेवला. लग्न होऊन आल्यापासून 'अगं ऋजुता' म्हणणारा माणूस तिला अहो म्हणत होता. ज्या माणसाला आपण कोण हे रोज नव्यानं आठवावं लागतं, त्याला रोज एक कुत्रं ठासून सांगत होतं की तू इथला नाहीस. आणि त्यानं ते मान्य करून टाकलं होतं.

"आबा, हे तुमचंच घर आहे," ती कळवळून म्हणाली. "तुम्ही बांधलंय. ही फरशी तुम्ही आणलीये शहाबादहून."

आबांनी फरशीकडं बघितलं. मग उंबऱ्यावरच्या टग्याकडं बघितलं आणि समजूतदारपणे हसले. "असेल असेल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवराबायको 'सोयरीक'मध्ये जाऊन बसले. निनादनं खरं काय ते सांगून टाकलं. डॉक्टर मुजावर रागावल्या नाहीत, त्यामुळं दोघांना जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

"आबा त्या आठवड्यात घरात नव्हते, म्हणून तो त्यांना ओळखत नाही. बरोबर ना?" निनाद म्हणाला. "मग पुन्हा ते थेंब घालू. पुन्हा आठवडा काढू."

"थेंब दुसऱ्यांदा घातले तर मेंदू फाटतो. कुत्रं वेडं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मुळात तुम्ही म्हणता ते कारणच नाही. ठशात नसलेली माणसं आयुष्यभर येत राहतात. पाहुणे येतात, जावई येतात, बाळं जन्मतात. कुत्रा त्यांना सामावून घेतो. दूधवाला कुठं होता ठशात?"

त्यांनी पडदा त्यांच्याकडं वळवला. पडद्यावर त्या आठवड्यातल्या गंधवाचकाच्या रेषा होत्या, निळ्या आणि लाल.

"निळी रेष म्हणजे त्याला येणारा एका माणसाचा वास. खोलीच्या फटीतून, खुर्चीतून, मोरीतल्या जुन्या साबणातून. तो माणूस घरात नव्हता, पण त्याचा वास घरभर होता. वडील येऊन-जाऊन असतात म्हणालात, म्हणून तेव्हा मी तिकडं फार लक्ष दिलं नाही. टग्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं की या घरात आणखी एक जण राहतो. आता ही लाल रेष बघा. ही घरातल्यांच्या अंगातून येणाऱ्या भीतीची, त्राग्याची. निळा वास आला, किंवा तुम्ही म्हणता तो संध्याकाळचा फोन आला, की लाल रेष उसळते. दर वेळी."

"कुणाच्या अंगातून?" निनादनं विचारलं.

डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "ते सांगायची गरज नाही. मुद्दा एवढाच, की तो तुमच्या वडिलांना ओळखत नाही असं नाही. त्यानं त्यांना फार चांगलं ओळखलंय. या घराला या माणसाचं ओझं होतं, हे त्याच्या डोक्यात बसलंय. तो घर राखतोय. तुम्ही तोंडानं कधी सांगितलं नसेल. त्याला तुमचं तोंड वाचता येत नाही."

ऋजुताला वाटलं, भर बाजारात कुणीतरी आपला पदर ओढला. अरे, मग चार वर्षं कुणी केलं त्यांचं? तिला ओरडून सांगावंसं वाटलं. कुणी भरवलं, कुणी चादरी धुतल्या, कुणी चोर म्हणवून घेतलं? या निनादनं? त्याच्या अंगातून लाल रेष कशी उसळेल, तो घरात होताच कधी! पण रेष खरी होती.

"यावर उपाय?" तिनं विचारलं.

"कुत्रा परत केलात तर तो दुसऱ्या घरी लागणार नाही, आणि तुमच्या मुलीसाठी पुन्हा दुसरा मिळायला दोन-तीन वर्षं सहज जातील. वडिलांना दुसरीकडं ठेवलंत तर कुत्रा इथं सुखानं नांदेल. आणि तिसरं…" डॉक्टरांनी पडदा बंद केला. "ठसा माणसाचा नसतो, घराचा असतो. आबा आले की घराला बरं वाटतं, असं त्याला पुन्हा पुन्हा हुंगायला मिळालं, तर तो स्वतःच बाजूला होईल. एअरडेल हट्टी आहे, पण मूर्ख नाही. फक्त नाटक चालणार नाही. माणूस चेहऱ्यानं फसवू शकतो, घामानं नाही."

गाडी सिग्नलला थांबल्यावर निनाद म्हणाला, "ताईशी बोलतो मी. आबा तिकडं राहतील. इथं तरी ते कुठं आपल्याला ओळखतात?"

"निनाद, ते आपल्याला ओळखत नाहीत, की आपण त्यांना ओळखेनासं केलंय?"

"तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. शाल्मलीचा विचार कर."

ती शाल्मलीचाच विचार करत होती. तिच्या कपाळावरच्या खुणेचा, आणि त्या पोरीनं रोज उंबऱ्यावर बघितलेल्या गोष्टीचाही.

दोघं घरी आली तेव्हा आबा व्हरांड्यात खुर्चीवर नव्हते. पायरीवर बसले होते, टोपी घालून, शेजारी कापडी पिशवी. पिशवीत त्यांनी एक टॉवेल, साबणाची वडी आणि शाल्मलीचा एक फोटो भरला होता.

"बराच पाहुणचार झाला," ते ऋजुताला म्हणाले. "आता निघावं म्हणतो. एस्टी किती वाजता असते, काही कल्पना आहे का?"

"कुठं जायचंय आबा?"

त्यांनी विचार केला. बराच वेळ केला. "घरी," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

निनाद गाडी लावायचं निमित्त करून फाटकापाशीच रेंगाळला. ऋजुता त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. तिनं त्यांचा हात हातात घेतला. त्या हातानं तिला एकदा भर बैठकीत आधार दिला होता. लग्न ठरताना निनादच्या मामानं 'मुलगी नोकरी सोडणार ना?' असं विचारलं, तेव्हा याच माणसानं 'नोकरी सोडायची असेल तर आमच्या पोरानं सोडावी' म्हणून सगळ्यांना गप्प केलं होतं. शाल्मलीला पहिली आकडी आली तेव्हा अनवाणी, तिला उचलून, दवाखान्यापर्यंत धावत गेले होते. तिला हे सगळं आठवलं आणि खरोखर गलबलून आलं. पोटातून माया आली. पण तिच्याच खालून दुसरंही वर आलं. उद्याची सकाळ. चष्मा, गॅस, चादरी, चोर चोर म्हणून ओरडणं. आणि हे असंच किती वर्षं? तिनं ते मागं ढकललं. ते जागचं हललं नाही.

उंबऱ्यावरून टग्या उठला. पायऱ्या उतरून खाली आला, दोघांच्या मधे उभा राहिला आणि तिचं मनगट हुंगू लागला. सावकाश, बारकाईनं.

"चला आबा, आत चला," ती म्हणाली आणि त्यांना धरून उभं केलं. आबा बिचकत उभे राहिले. टग्या मागं वळला, पायऱ्या चढला आणि पुन्हा दारात जाऊन उभा राहिला.

आतून शाल्मली आली. दाराच्या आतल्या बाजूला ती, बाहेर आजोबा, मधे टग्या.

"आई, आबा आपलेच आहेत ना?"

"हो गं सोन्या. आपलेच आहेत," ऋजुता लगेच म्हणाली. तिनं ते अगदी मनापासून म्हटलं, निदान तिला तसं वाटलं.

पण शाल्मली आईच्या तोंडाकडं बघतच नव्हती. या घरात खरं काय ते कुणाकडं बघून कळतं, हे ती एव्हाना शिकली होती. ती टग्याकडं बघत होती.

"मग आई," तिनं विचारलं, "तो बाजूला का होत नाही?"